थर खडकाचे आणि थर माळवदाचे

समाजशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात 'सामाजिक स्तरीकरण' नावाचे एक प्रकरण असतेच. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते शिकावे लागते, आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना बी.एड.च्या अभ्यासातही त्याला सामोरे जावे लागते. व्याख्या थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच. संपत्ती, सत्ता आणि प्रतिष्ठा यांच्या आधारे समाजातील व्यक्ती व गट उच्च-नीच थरांत विभागले जाणे म्हणजे स्तरीकरण. त्यापाठोपाठ एक वाक्य हमखास येते. स्तरीकरण हे सार्वत्रिक आहे, कमीअधिक प्रमाणात ते प्रत्येक समाजात आढळते. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, चार वैशिष्ट्ये लिहितो, गुण मिळवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या प्रकरणातले नेमके काय त्याच्या मनात रुजते, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करायचा आहे.

'स्तर' ही कल्पना समाजशास्त्राने भूगर्भशास्त्राकडून उसनी घेतली आहे. जमीन खोल खणली की खडकांचे एकावर एक बसलेले थर दिसतात, तसे समाजातही थर असतात, असे सांगण्यासाठी तो शब्द आला. आम्ही उर्दू माध्यमात शिकवणारे लोक दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभे असतो, त्यामुळे असे शब्द जरा लवकर डोळ्यांत भरतात. उर्दूत समाजातल्या वर्गाला 'तबका' म्हणतात आणि भूगर्भशास्त्राला 'इल्म-ए-तबकातुल अर्ज', म्हणजे जमिनीच्या थरांचे शास्त्र. इंग्रजी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांनी श्रीमंत-गरिबांचे वर्णन करण्यासाठी एकच उपमा पत्करली आहे.

उपमा वर्णनापुरती राहिली असती तर तक्रार नव्हती. परंतु उपमा विचारालाही वळण लावते. खडकाचा थर कोणी रचलेला नसतो. तो लाखो वर्षांत आपोआप साचतो. त्याला कर्ता नसतो, त्यामुळे त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही. वरचा थर वर का आणि खालचा खाली का, हा प्रश्न खडकाच्या बाबतीत निरर्थक ठरतो. हीच सवय समाजाकडे पाहताना लागली की 'सार्वत्रिक' या शब्दाला नकळत 'नैसर्गिक' असा अर्थ चिकटतो. मग वर्गात एखादा मुलगा सरळ विचारतो, "सर, हे तर राहणारच ना?" पुस्तकात त्याला नाही म्हणणारे वाक्य सापडत नाही.

या उपमेची परीक्षा घ्यायची तर किल्लारीइतके योग्य गाव दुसरे नाही. येथे जमिनीच्या पोटातले खडक खरोखरच हलले. ते हलले तेव्हा माणसांच्या थरांचे काय झाले, हे येथे पाहता येते.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी हे तेरणेच्या खोऱ्यातले मोठे गाव. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर ते वसलेले आहे. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी येथे खोल बोअर घेऊन पाहिले तेव्हा बेसाल्टचे थर सुमारे ३३८ मीटर जाडीचे निघाले. लाव्हारसाचे हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. हा भूभाग इतका स्थिर मानला जात होता की त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीला अनेक लहानमोठे धक्के बसले होते. लोक घाबरले होते, अंगणात झोपले होते. नंतर धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली. शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे दगावली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी ही नावे तोवर शेजारच्या तालुक्यालाही फारशी माहीत नव्हती, ती जगाला माहीत झाली.

त्यानंतरच्या भाषणांत, लेखांत आणि कवितांत एक कल्पना पुन्हा पुन्हा भेटते. निसर्ग भेदभाव करत नाही. त्याने वाडा पाहिला नाही की झोपडी पाहिली नाही, जात पाहिली नाही की धर्म पाहिला नाही. सर्वांना एका ओळीत झोपवले. दुःखाच्या भरात ही कल्पना सुचणे समजण्यासारखे आहे. तिच्यात सद्भावनाही आहे. परंतु साहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या, दोन्ही कसोट्यांवर ती टिकत नाही. भूकंपाने सर्वांना सारखे मारले नाही. त्याने घरे पाहूनच मारले.

आपल्याकडचे जुने घर कसे असे, हे मराठवाड्याच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फुटांपासून कुठे कुठे चार-पाच फूट जाडीच्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा आणि मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. वर लाकडी तुळया, सरे, त्यावर मातीचे माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकायची. दरवर्षी थोडी. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानेही टाकली. माती वाढत गेली, वजन वाढत गेले. उन्हाळ्यात घर थंड राही, चोराला भिंत फोडता येत नसे, आणि भिंतीच्या जाडीवरून घराण्याची पत कळत असे. त्या पहाटे भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर आली.

गावाच्या कडेला कुडाच्या, पाचटाच्या किंवा पत्र्याच्या खोपटांत राहणारे लोक बरेचसे वाचले. त्यांच्या डोक्यावर पडण्यासारखे काही नव्हतेच. हे लोक कडेला का राहत होते आणि कुडात का राहत होते, याचे उत्तर भूगर्भशास्त्रात नाही. ते गावगाड्यात आहे. मध्ये गढी आणि पाटील-देशमुखांचे वाडे, त्याभोवती शेतकऱ्यांची माळवदे, कारागिरांच्या गल्ल्या, आणि शिवेकडे महार-मांगांच्या वस्त्या. गावाच्या नकाशातच जातीची पायरी आखलेली होती. मृत्यूने तो नकाशा वाचला, फक्त त्या रात्री उलट्या बाजूने वाचला. आयुष्यभर ज्या भिंती पत मिरवत होत्या, त्याच त्या रात्री काळ ठरल्या. याला कोणी न्याय म्हणू नये. मेलेल्यांत मजूरही होते, बायका-मुलेही होती, जेमतेम दोन एकरांवर जगणारे आणि बापजाद्याच्या माळवदाखाली झोपणारे असंख्य होते. मुद्दा एवढाच की जमीन कोणालाही मारत नाही, घर मारते; आणि कोणाचे घर कसे असेल हे समाज ठरवतो.

हीच गोष्ट जगाच्या नकाशावर पाहिली की 'जागतिक विषमता' हा पुस्तकातला दुसरा कठीण शब्द सोपा होतो. किल्लारीनंतर चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. वेळ पहाटेची, साडेचारची. लोक झोपलेलेच होते. तीव्रता ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक. वस्ती दाट, लाखोंची. मृत्यू सुमारे ६०. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे इराणमधील बाम शहरात ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. कच्च्या विटांचे आणि मातीचे ते प्राचीन शहर कोसळले आणि २६ हजारांहून अधिक माणसे गेली. तीन पहाटा, जवळपास सारखी तीव्रता आणि साठ, आठ हजार, सव्वीस हजार असे हिशेब. हा फरक खडकाने पाडलेला नाही. भूकंपाला तोंड देणारी घरे बांधण्याचे ज्ञान नॉर्थरिजला होते तसे तेहरानला आणि मुंबईलाही होते. ते ज्ञान, तो पैसा आणि तो कायदा मातीच्या घरापर्यंत पोहोचला होता का, हा प्रश्न आहे.

तरीही श्रीमंत देश विरुद्ध गरीब देश अशी सरळ मांडणी करून थांबणे अपुरे ठरेल. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबे येथे भूकंप झाला, तोही पहाटे. जपानसारख्या संपन्न देशात ६,४३४ माणसे गेली. मृतांत निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले होते, आणि जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांखाली सापडलेल्यांचे प्रमाण मोठे होते. कोबेचे ते कौलारू छप्पर आणि किल्लारीचे माळवद यांची जातकुळी एकच आहे. श्रीमंत देशाच्या पोटातही एक किल्लारी असते. २०२२ चा जागतिक विषमता अहवाल हेच आकड्यांत सांगतो. जगातील वरच्या दहा टक्के लोकांकडे उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा जातो, खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला साडेआठ टक्के येतो. मालमत्तेत तर वरच्या दहा टक्क्यांकडे ७६ टक्के आणि खालच्या निम्म्यांकडे अवघे दोन टक्के. या विषमतेचा मोठा भाग आज देशादेशांमधील नसून प्रत्येक देशाच्या आतला आहे, असेही तो अहवाल दाखवतो.

येथवर पुस्तकाची उपमा एकदा हुकली. ती दुसऱ्यांदा कशी हुकते, हे पुनर्वसनात दिसते. किल्लारीच्या कथेतला हा भाग साहित्याने जवळजवळ सोडून दिला आहे. ढिगाऱ्यावर कविता होते, सातबाऱ्यावर होत नाही. समाजशास्त्राला मात्र सातबाराच वाचावा लागतो.

भूकंपानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अनेक सेवाभावी संस्था व दानशूर लोक पुढे आले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जगात अशा कामांची जी उदाहरणे आहेत त्यांत हे काम वेगाने आणि मनापासून झालेले म्हणून गणले जाते, आणि ते योग्यच आहे. आता या गावांत घरे कशी वाटली ते पाहू. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे. सात हेक्टरांच्या वर असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचे.

यामागे काही युक्तिवाद नव्हता असे नाही. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे आणि बैलबारदाना ठेवायला जागा लागते. ज्याचे मोठे घर गेले त्याला मोठे घर द्यावे, असेही म्हणता येते. हा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. परंतु त्याच्या पोटातले गृहीतक पाहावे. घर देताना घरात माणसे किती, म्हातारे किती, हातावर पोट किती जणांचे, हा या वर्गवारीचा पाया नव्हता. पाया जमिनीचा होता. जमीन ही भूकंपात न गेलेली एकमेव मालमत्ता. ज्याचे कमी गेले नाही त्यालाच अधिक मिळाले, आणि ज्याच्याकडे जायला काही नव्हते त्याला सर्वांत कमी. खडक हलले, माळवदे पडली, वाडे गेले. सातबाऱ्याचा उतारा मात्र शाबूत राहिला आणि त्यावरून नवे गाव रचले गेले. हे थर निसर्गाने साचवले नाहीत. ते कागदावर आखले गेले आणि सिमेंटमध्ये उतरवले गेले. शिवाय आखणाऱ्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. विषमता निर्माण होण्यासाठी दुष्ट माणूस लागतोच असे नाही. जुना निकष नव्या कागदावर तसाच उतरवला तरी पुरते.

पुस्तकातल्या काही संकल्पना येथे ताडून पाहता येतात. राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्माने मिळणारा तो अर्पित दर्जा आणि कर्तृत्वाने मिळवलेला तो अर्जित दर्जा. आधुनिक समाजात अर्जित दर्जा वाढत जातो, असे आपण शिकवतो. जमिनीचा तुकडा अर्पित की अर्जित? मराठवाड्यातील जमीन बहुतेकांना वारसाने मिळाली आहे, आणि वारसाच्या मागे वतन, इनाम आणि कूळ यांचा इतिहास आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीने तो जन्माचाच भाग. म्हणजे २५० आणि ७५० यांतला फरक दिसायला आर्थिक, पण मुळात बराचसा जन्माचा होता. येथे आणखी एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. दर्जा, वारस, वतन, इनाम, मालक, हक्क, जमीन हे सगळे शब्द मराठीला अरबी-फारसीने दिले. मराठीतली विषमतेची भाषा आमच्याच घरातून गेलेली आहे. तेव्हा या भाषेची झाडाझडती घेण्याची जबाबदारीही आमच्यावर येते.

मॅक्स वेबर यांनी सांगितले की वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. गावात चांगला धंदा करणारा पण शेती नसलेला दुकानदार या वर्गवारीत कोठे बसतो? त्याच्याकडे पैसा असतो, जमीन नसते. नियमाने तो २५० मध्ये. सव्वादोन एकरांचा शेतकरी आणि एक गुंठाही नसलेला मजूर एका गटात. तीन एकरवाला आणि सतरा एकरवाला दुसऱ्या गटात. तीन खणांत सबंध गाव कोंबले की वेबरच्या तिन्ही गोष्टी एका खणात कोंबल्या जातात.

अनेक नव्या गावांत एकाच क्षेत्रफळाची घरे ओळीने एकत्र बांधली गेली. रस्ते रुंद झाले, गाव लांबरुंद पसरले. जुन्या गावात गल्ली जातीची होती, नव्यात ओळ चौरस फुटांची झाली. जमीन आणि जात यांचे आपल्याकडे जे नाते आहे ते लक्षात घेतले तर या दोन नकाशांत फार अंतर पडणार नव्हते. एम. एन. श्रीनिवास यांनी 'प्रभुत्वशाली जात' ही संकल्पना मांडली ती संख्या, जमीन आणि सत्तेशी जवळीक या आधारांवर. त्यांतला जमिनीचा आधार येथे शासकीय निकष बनला.

बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे मर्म 'श्रेणीबद्ध विषमता' या शब्दांत सांगितले. या रचनेत सर्वांत खालचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून रचना मोडण्यासाठी सगळे एकत्र येत नाहीत. ४०० वाला ७५० कडे पाहून कुरकुरतो, पण २५० कडे पाहून समाधानी होतो. विषमतेचा पाया हे समाधानच असते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांच्या सावलीत लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत वर्गावर पानेच्या पाने असतात आणि या विचाराला चार ओळी मिळतात. किल्लारीतून पाहिले तर हे प्रमाण उलटे हवे.

पुस्तकातला आणखी एक सिद्धांत येथे थांबून तपासला पाहिजे. किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये असे मांडले की समाजाला अत्यंत आवश्यक असणारी, आणि दुर्मिळ कौशल्य मागणारी कामे योग्य माणसांनी करावीत म्हणून त्यांना अधिक मोबदला दिला जातो. म्हणून विषमता उपयुक्त आहे. मेल्विन ट्युमिन यांनी १९५३ मध्ये त्यावर कडक टीका केली. वर्गात ही टीका समजावून सांगताना किल्लारीचे पहिले आठ दिवस आठवावेत. त्या दिवसांत अत्यंत आवश्यक कामे कोणती होती? ढिगारे उपसणे, प्रेतांची व्यवस्था लावणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, पाणी आणणे, हजारोंचा स्वयंपाक करणे, जखमींची सेवा करणे. एरवी ही कामे कोणाच्या वाट्याला येतात? आवश्यकतेवरून मोबदला ठरत असता तर गावातले सर्वांत मोठे घर त्यांचे व्हायला हवे होते.

आता आपल्या घरातले बोलू. किल्लारीच्या घरवाटपात धर्म हा निकष नव्हता. आतार असो, मुलाणी असो, मातंग असो की न्हावी. ज्याच्याकडे शेती नाही तो २५० चौरस फुटांत. म्हणजे भूमिहीन मुलाणी आणि भूमिहीन मातंग एका ओळीत येतात, आणि सात हेक्टरवाला मुसलमान, असलाच तर, वेगळ्या ओळीत जातो. हे साधे सत्य आपल्या लेखनात उतरले आहे का? मुस्लिम मराठी लेखनात 'आमचा समाज' हे शब्द आपण फार सहज वापरतो. बाहेरच्यांनी आपल्याला एकच थर समजावे याचा राग येतो, आणि लिहिताना आपणही स्वतःला एकच थर समजतो. इम्तियाज अहमद यांनी १९७३ साली भारतीय मुसलमानांतील जात आणि स्तरीकरण या विषयावरचा ग्रंथ संपादित केला. अशराफ, अजलाफ, अरजल हे शब्द अभ्यासकांना तोंडपाठ आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशाला मुसलमानांचे मागासलेपण दाखवले, आणि त्याच अहवालाने हेही दाखवले की सुमारे ४०.७ टक्के मुसलमान इतर मागासवर्गीयांत मोडतात. पहिला निष्कर्ष आपण सभांतून सांगतो, दुसरा क्वचित सांगतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीपेक्षा थोडी वर. या सरासरीने मुंबईचा व्यापारी आणि तेरणाकाठचा पिंजारी यांना एकाच चटईवर बसवले. सरासरी हीही एक प्रकारची उपमाच आहे.

शिक्षणाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. आमच्या जिल्ह्याचे नाव 'लातूर पॅटर्न'ने महाराष्ट्रभर झाले. सामाजिक गतिशीलता, म्हणजे एका थरातून दुसऱ्या थरात जाण्याची संधी, याचे ते चांगले उदाहरण म्हणून दिले जाते. ते खोटे नाही. परंतु परीक्षेचा पेपर सर्वांना एक असला तरी अभ्यासाची खोली एक नसते. २५० चौरस फुटांत सहा माणसे राहतात तेव्हा रात्रीचा दिवा कोणासाठी चालू ठेवायचा, हा कौटुंबिक वादाचा विषय होतो. उर्दूतून दहावी झालेली मुलगी विज्ञानाला जाते तेव्हा तिला विषयाआधी भाषा ओलांडावी लागते. अर्जित दर्जाच्या शिडीची खालची पायरी अर्पितच असते, हे पुस्तकाने सांगितले पाहिजे.

'गरीब' हा शब्दही या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. अरबीत त्याचा अर्थ परका, अनोळखी असा. उर्दूत 'गरीबुल-वतन' म्हणजे आपल्या मुलखापासून दूर असलेला. पैसा नसणे हा अर्थ आपल्याकडे नंतर बळकट झाला. मूळ अर्थ समाजशास्त्राच्या अधिक जवळचा आहे. ज्याला बोलावले जात नाही, ज्याचे म्हणणे नोंदले जात नाही, आपल्याच गावात जो परका असतो तो गरीब. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिताना समाजाला धरून ठेवणाऱ्या बळाला 'असबिय्या' म्हटले होते, म्हणजे आपलेपणाची एकजूट. समाजशास्त्राचा इतिहास आपली पुस्तके ऑगस्त काँतपासून सुरू करतात, त्यामुळे हे नाव विद्यार्थ्यांपर्यंत येत नाही. आपलेपणाच्या कक्षेत कोण आणि बाहेर कोण, यावरच 'गरीब' ठरतो.

मग थर मोडतात का? किल्लारीकडे याचेही एक उत्तर आहे. स्थलांतरित न झालेल्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. त्या कामात गावोगावी स्त्रियांची 'संवाद सहायक' म्हणून नेमणूक झाली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. चावडीवर एरवी ज्यांना बोलावले जात नव्हते त्या बायकांनी घरोघरी योजना समजावून सांगितली, अनुदानाचे टप्पे सांगितले, बांधकाम कसे व्हावे यावर लक्ष ठेवले. या कामात तंत्रज्ञांनी दिलेले दोन सल्ले मला महत्त्वाचे वाटतात. एक, माळवदावरची जादा माती उतरवून छपराचे वजन कमी करावे. दोन, भिंतीचे सुटे असलेले आतले-बाहेरचे पदर आरपार जाणाऱ्या दगडांनी एकमेकांना बांधावेत.

समाजशास्त्राच्या पुस्तकाला हवी असलेली उपमा येथे आहे. समाजातले थर खडकाचे नाहीत, माळवदाचे आहेत. ते माणसांनी टाकले. प्रत्येक पिढीने चांगल्या हेतूने, घर गळू नये म्हणून, थोडी थोडी माती टाकली. कोणा एकाने सगळे वजन चढवले नाही, म्हणून दोष कोणाचाच वाटत नाही. वजन वाढत गेले ते झोपलेल्या माणसांना दिसत नाही. जे हाताने टाकले ते हाताने उतरवता येते, आणि सुटे पदर बांधताही येतात. शासनाचा नियम असो, जातीची रूढी असो, जमातीतली अशराफी असो की जगाच्या बाजाराची वाटणी असो. माती कोणत्या वर्षी, कोणी, कशासाठी टाकली हे विचारता येते.

माझी सूचना साधी आहे. 'स्तरीकरण सार्वत्रिक आहे' हे वाक्य शिकवणाऱ्याने त्याच तासाला फळ्यावर २५०, ४०० आणि ७५० हे तीन आकडे लिहावेत आणि मुलांना विचारावे, हे आकडे कोणत्या खडकात सापडले? लेखकांनीही निसर्गाच्या समदृष्टीची कविता काही काळ बाजूला ठेवावी. जमीन पुन्हा कधी हलेल हे आपल्या हातात नाही. त्या वेळी कोणाच्या डोक्यावर किती माती असेल, हे मात्र आपल्या हातात आहे.